‘पुढे काय होईल?’ या प्रश्नासह रात्रपाळी

सोलापूर : सात रस्ता चौकातून रात्री-अपरात्री शहरातील रुग्णालयांकडे जाणाऱ्या रुग्णवाहिका जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून येतात, तशाच धाराशिव, विजयपूर आणि कलबुर्गीच्या बाजूनेही येतात. रुग्ण मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारा असतो. आधीच्या उपचारांचे कागद सोबत असतीलच, याची खात्री नसते. डॉक्टर तपासून गेल्यावर त्याच्या उशाशी उरते ती परिचारिका. श्वास किंचित वाढला आहे, रुग्ण थोडा अस्वस्थ वाटतो. हे साधे आहे की धोक्याचे? डॉक्टरांना आत्ताच उठवावे की अर्धा तास थांबावे? या प्रश्नाला ती कशी सामोरी जाते, यामागे अनुभवाइतकेच मानसशास्त्रही असते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ‘अनिश्चिततेविषयीची असहिष्णुता’ ही संकल्पना मोजण्यासाठी २७ विधानांची प्रश्नावली तयार केली. २००७ मध्ये तिची १२ विधानांची संक्षिप्त आवृत्ती आली. तिच्यात दोन प्रवृत्ती वेगळ्या दिसतात. एक, पुढे काय होईल याची सतत चिंता. दुसरी, खात्री नसल्यामुळे हात-पाय गळणे. वॉर्डात पहिल्या प्रवृत्तीची परिचारिका सलाईन, मॉनिटर, औषधांची नोंद पुन्हा पुन्हा तपासते आणि लवकर थकते. दुसऱ्या प्रवृत्तीची परिचारिका निर्णय लांबवते. तिसरा धोका याहून फसवा आहे. अस्वस्थता सहन न झाल्याने ‘काही नाही, घाबरल्यामुळे होत असेल’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि मनाला बरे वाटते. पण रुग्णाची प्रकृती बिघडतच राहते.

धोका की संधी?

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक मर्ल मिशेल यांनी १९८८ मध्ये आजारपणातील अनिश्चिततेचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते अनिश्चितता मुळात चांगली वा वाईट नसते. मन तिला धोका समजते किंवा संधी, आणि पुढील वर्तन त्यावर ठरते. हा सिद्धान्त प्रामुख्याने रुग्णांविषयी असला, तरी परिचारिकेच्या मनालाही तो लागू करून पाहता येतो. ‘मला कळत नाही, म्हणजे मी कमी पडते’ असे मानणारी परिचारिका गप्प राहते. ‘अद्याप कोणालाच कळलेले नाही, तेव्हा लक्ष ठेवू’ असे मानणारी दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहते आणि नोंद करते. आपल्या हातून हे काम होईल, हा विश्वास येथे निर्णायक ठरतो आणि तो सरावाने वाढतो.

करोनाकाळात सोलापूरने याची कठोर परीक्षा पाहिली. शहरातील पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाला. अहवाल हाती आला तेव्हा तो हयात नव्हता. आजार नवा, उपचारांच्या सूचना वारंवार बदलणाऱ्या आणि घरी लहान मुले व वृद्ध असल्याने संसर्गाचे भय. अशा वेळी अनुभवी परिचारिकेलाही आधार घेण्याजोगा पूर्वानुभव नव्हता.

स्वभावाइतकेच वातावरण

मात्र सारा भार व्यक्तीच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परिचारिकांच्या गटांतील औषधविषयक चुकांची पाहणी केली होती. चांगल्या नेतृत्वाखालील गटांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या सांगण्याची भीती कमी होती. रात्री दोन वाजता फोन केल्यावर ‘एवढ्यासाठी उठवलं?’ असे ऐकावे लागले, तर पुढच्या वेळी फोन होईल का? परिसेविका आणि डॉक्टरांची एक प्रतिक्रिया पुढील कित्येक रात्रींचे निर्णय ठरवते.

मनुष्यबळाचा प्रश्नही मानसिकच ठरतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. एकीवर त्याच्या कितीतरी पट रुग्ण आले, की शंका आलेल्या रुग्णाकडे पुन्हा जाऊन पाहण्यास वेळच उरत नाही.

उपाय काय?

नाडी, श्वासगती, रक्तदाब, तापमान व शुद्धी यांना गुण देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की डॉक्टरांना बोलवायचेच. त्यामुळे ‘मला वाटतं’ या शब्दांना आकड्याचे बळ मिळते. फोनवर सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, आपले अनुमान आणि अपेक्षित कृती या क्रमाने बोलण्याचा सरावही उपयोगी पडतो. पाळी बदलताना ‘काय माहीत नाही’ हेही सांगितले, तर शंका एकीच्या डोक्यात अडकून राहत नाही. कठीण मृत्यूनंतर सहकाऱ्यांशी दहा मिनिटे मोकळेपणी बोलणे, याला दुर्बलता समजू नये.

नातेवाइकांचाही यात वाटा आहे. ‘सिस्टर, पेशंट वाचेल ना?’ या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर अनेकदा कोणाजवळच नसते. ‘आत्ता प्रकृती अशी आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत, काही बदल झाला तर लगेच सांगू’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही. तेच प्रामाणिक उत्तर असते आणि ते देण्याचे धैर्य असणारी परिचारिका रुग्णासाठी अधिक सुरक्षित असते.