खटला चालला, आरोपी कुठे होता?

लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात युरोपातून आलेल्या प्रत्यार्पण वॉरंटांची सुनावणी होते. समोर उभ्या माणसाला त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या देशाने आधीच शिक्षा ठोठावलेली असू शकते. गंमत म्हणजे, गुन्हा त्याने केला की नाही, यात इथले न्यायाधीश शिरतच नाहीत. त्यांना शोधायचं असतं ते वेगळंच: खटला चालला तेव्हा हा कुठे होता, आणि का?

ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्याचं कलम २० त्यासाठी ओळीने प्रश्न विचारतं. आरोपी खटल्याला हजर होता का? नसेल, तर मुद्दाम गैरहजर राहिला का? तसंही नसेल, तर परत गेल्यावर नव्याने खटला किंवा त्याच तोडीचं अपील मिळण्याचा त्याला हक्क आहे का? इथे उत्तर 'नाही' आलं, की त्याला सोडावंच लागतं. आणि पुरावा द्यायचा तो वॉरंट काढणाऱ्या देशाने, तोही फौजदारी खटल्यात लागतो तितका पक्का.

उत्तर विरोधात गेलं, तर हायकोर्टात अपिलाला मुदत फक्त ७ दिवसांची. तिथून एक प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात पोहोचलं. २०१५ मध्ये इटलीतल्या एका संशयिताने पोलिसांच्या कागदावर सही केली होती. पत्ता बदलला तर कळवीन, असं त्यात होतं. खटल्याची तारीख नव्हती. खटला भरायचा की नाही, हेच ठरलं नव्हतं. तो न कळवता ब्रिटनला आला, समन्स त्याला मिळालंच नाही, आणि मागे एक वर्षाची शिक्षा झाली.

मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील मान्य केलं. पत्ता न कळवणं हा निष्काळजीपणा खरा, पण खटला आहे हेच ठाऊक नसताना तो मुद्दाम चुकवणार कसा? त्याच दिवशी रुमानियाच्या प्रकरणात कोर्टाने शेवटचा प्रश्नही आवळला: फेरखटला 'कदाचित मिळेल' एवढ्यावर भागणार नाही, हक्कच हवा. अर्ज वेळेत करावा लागणं वेगळं. मिळेल की नाही हे तिथल्या कोर्टाच्या निष्कर्षावर लटकणं वेगळं.

यातून कोणी निर्दोष ठरत नाही. इटलीतली शिक्षा इटलीत तशीच राहते. फक्त ती भोगायला त्या वॉरंटावर ब्रिटन माणूस धाडत नाही.