वेल्डिंगचे काम : कमाईबरोबर डोळे आणि जीवही सांभाळा

ग्रील, शटर, जिने, लोखंडी कपाटे, ट्रकच्या बॉडी, शेतीची अवजारे, यांपैकी कोणतेही काम वेल्डिंगवाचून पुरे होत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पोट याच धंद्यावर चालते. थोड्या भांडवलात सुरू होणारा आणि हाताला हुनर असेल तर उपाशी न ठेवणारा असा हा व्यवसाय आहे. बहुतेकांनी तो शाळेत न शिकता उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. त्यामुळे हात उत्तम बसतो, टाका सरळ पडतो. परंतु शॉक नेमका केव्हा बसतो, डोळे का सुजतात, रिकामी टाकी का फुटते, हे समजावून सांगणारा क्वचितच भेटतो. त्यासाठीच हा लेख.

शॉक केव्हा बसतो?

वेल्डिंग मशीन हा मुळात एक ट्रान्सफॉर्मर असतो. लाइनमधून आलेला २३० किंवा ४१५ व्होल्टचा दाब तो कमी करतो आणि प्रवाह वाढवतो. १० नंबरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपियर प्रवाह लागतो. घरातल्या १०० वॅटच्या जुन्या दिव्याला अर्धा अँपियरही लागत नाही, यावरून ताकदीची कल्पना यावी.

वेल्डिंग चालू असताना होल्डरवर केवळ २० ते ३० व्होल्ट असतात. मात्र मशीन सुरू आहे आणि रॉड जॉबला लागलेला नाही, अशा वेळी तेथे ५० ते ८० व्होल्ट असतात. म्हणजे कारागीर ज्या क्षणी निर्धास्त असतो, त्याच क्षणी धोका अधिक असतो. रॉड बदलताना बहुतेक शॉक बसतात ते यामुळेच. "८० व्होल्टने काय होते?" असे म्हणणारे मिस्त्री आपण पाहतो. कोरड्या हाताला कदाचित नुसता झटका बसेल. परंतु घामाने भिजलेला सदरा, पावसाळ्यातील ओली जमीन, किंवा चारी बाजूंनी लोखंड असलेल्या टाकीत बसून काम, अशा वेळी तेवढेच व्होल्ट जीव घेऊ शकतात.

उपाय साधे आहेत. रॉड नेहमी कोरड्या चामडी हातमोज्याने बदलावा. ओल्या जागी कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई पायाखाली घ्यावी. चपला घालून काम करू नये, रबरी तळव्याचे बूट वापरावेत. होल्डर काखेत धरू नये, तापला म्हणून पाण्यात बुडवू नये. पाऊस पडत असताना उघड्यावर वेल्डिंग करूच नये.

'अर्थ' एक नव्हे, दोन

आपल्याकडे जॉबला लावायच्या चिमट्याला 'अर्थ' म्हणतात. हा शब्द मोठा घोटाळा करतो. तो चिमटा म्हणजे प्रवाह मशीनकडे परत नेणारी वायर होय. कारागिराला वाचवणारे अर्थिंग निराळे. मशीनच्या पत्र्याच्या बॉडीपासून जमिनीत पुरलेल्या अर्थच्या पट्टीपर्यंत जाते ते खरे अर्थिंग. मशीनच्या आत लाइनची वायर सोलून बॉडीला टेकली, तर ते अर्थिंग नसताना संपूर्ण बॉडीत लाइनचा दाब उतरतो. मग मशीनला हात लावणारा वाचणे कठीण.

म्हणून परवानाधारक वायरमनकडून मशीनच्या बॉडीचे अर्थिंग करून घ्यावे आणि वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. वायरची उघडी टोके काडेपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचण्याची सवय सोडून द्यावी. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालू नये. ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच लाइनवर अवश्य बसवावा. मात्र तो लाइनच्या बाजूचेच संरक्षण करतो. होल्डरकडून बसणारा शॉक त्याला कळत नाही, हे विसरू नये.

परतीचा चिमटा जोडाच्या शक्य तितक्या जवळ, गंज खरडून लावावा. इमारतीच्या सळईला किंवा पाण्याच्या पाइपला तो अडकवल्यास प्रवाह भलत्याच वाटेने जातो आणि दूरवर कोठेतरी वायर जळते. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून किंवा अल्टरनेटरमधून जाऊन दुरुस्तीपेक्षा नुकसानभरपाई महाग पडते.

डोळे : स्वस्तातली काच महागात पडते

आर्कमधून डोळ्यांना दिसणाऱ्या लखलखीत प्रकाशाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही निघतात. ते बुबुळाचा वरचा पडदा भाजतात. त्रास लगेच होत नाही. साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत हे बरे वाटते, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. त्या काळात डोळे चोळू नयेत. बटाट्याचे काप, कच्चे दूध यांसारखे उपाय डोळ्यांवर करू नयेत, जखमेत जंतू जाण्याचा संभव असतो. डोळे सुन्न करणारे थेंब दुकानातून परस्पर आणून घालणे तर फारच घातक. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

साधा गॉगल किंवा काळी रंगवलेली काच वेल्डिंगला चालत नाही. तिच्यातून उजेड कमी दिसतो, पण अतिनील किरण अडतीलच याची खात्री नसते. नेहमीच्या ग्रीलच्या कामाला १० किंवा ११ नंबरची, १६० अँपियरच्या पुढील कामाला १२ नंबरची वेल्डिंगची काच घ्यावी. ती विकत घेताना भारतीय मानक आय. एस. ११७९ चा उल्लेख आहे का ते पाहावे. स्लॅग ठोकताना पांढरा चष्मा लावावा, कारण त्या वेळी स्क्रीन बाजूला ठेवलेली असते आणि गरम कपची सरळ डोळ्यात उडते.

सर्वांत जास्त हाल होतात ते जॉब धरून उभ्या असलेल्या शागिर्दाचे. उस्तादाच्या हातात स्क्रीन असते, मुलगा मात्र मान फिरवून उभा असतो. भिंतीवरून परतणारे किरणही डोळे भाजतात. दुसरी स्क्रीन एका दिवसाच्या मजुरीपेक्षा स्वस्त मिळते. रस्त्यावर काम असेल तर ये-जा करणाऱ्यांसाठी जाड कापडाचा किंवा पत्र्याचा आडोसा करावा.

धूर

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. स्टेनलेस स्टीलच्या धुरातील क्रोमियम विशेष घातक असते. जी. आय. पाइप किंवा पत्र्यावर काम केल्यास जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्या रात्री थंडी वाजून ताप येतो. पुष्कळदा तो मलेरिया समजला जातो. डॉक्टरांकडे गेल्यास दिवसभर काय काम केले हे जरूर सांगावे.

जोडाच्या जागेवरील जस्त, रंग, तेल आधी घासून काढावे. डोके धुराच्या वर न धरता बाजूला ठेवावे. पंखा असा लावावा की धूर तोंडाकडे न येता बाहेर जाईल. तोंडाला बांधलेला रुमाल हा बारीक धूर अडवत नाही, त्यासाठी एन-९५ सारखा मास्क हवा. गूळ खाल्ल्याने फुप्फुसात गेलेला धूर बाहेर पडत नाही. बंद जागेत हवा यावी म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर कधीही सोडू नये. त्याने कपडे क्षणात पेट घेतात.

आग आणि रिकामी टाकी

ठिणग्या १० मीटरपर्यंत उडतात. तेवढ्या अंतरातील चिंध्या, रंगाचे डबे, थिनर, फोम हलवावे. नायलॉन किंवा टेरिकॉटचे कपडे अंगावर वितळून चिकटतात, म्हणून जाड सुती कपडे घालावेत. जवळ वाळूची बादली आणि आग विझवण्याचे सिलिंडर ठेवावे. चालू मशीनवर पाणी मारू नये. काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, जागेवर लक्ष ठेवावे; कारण आग बहुधा दुकान बंद झाल्यावर भडकते.

रिकामा ड्रम किंवा गाडीची टाकी हा सर्वांत मोठा घातकी जॉब. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तळाशी राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलची वाफ हवेत मिसळून स्फोटक बनते. पाण्याने एकदा धुतल्याने ती जात नाही. अशा टाक्या वाफेने साफ करून, तपासून मगच त्यांवर काम करणारे वेगळे लोक असतात. गिऱ्हाईक कितीही घाई करो, हे काम नाकारणे हीच शहाणपणाची गोष्ट आहे.

मालकांची जबाबदारी

दुकान सुरू करताना रोज पाच मिनिटे द्यावीत : केबल कोठे सोलली आहे का, होल्डरचे इन्सुलेशन शाबूत आहे का, चिमटा घट्ट आहे का, काच तडकली आहे का. मेन स्विच कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. कोणाला शॉक बसून तो चिकटला तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करावे आणि १०८ वर फोन करावा. श्वास थांबला असेल तर डॉक्टर येईपर्यंत छाती दाबून प्रथमोपचार चालू ठेवावा.

जमेल त्या तरुणांनी आय. टी. आय. मधील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा. आठवी उत्तीर्ण मुलालाही तेथे प्रवेश मिळू शकतो. आणि जे उस्ताद आहेत त्यांनी आपल्या शागिर्दाला टाका मारायला शिकवण्याआधी स्क्रीन धरायला शिकवावे. हुनर वर्षभरात येते. गेलेला डोळा परत येत नाही.