एलएचसीला प्रोटॉन पुरवणारं ४० वर्षांचं यंत्र सर्नने का बदललं?

स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या सर्न प्रयोगशाळेचं नाव निघालं की जमिनीखालचं २७ किलोमीटरचं वर्तुळ डोळ्यांसमोर येतं. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला तो याच एलएचसी यंत्रात. पण एलएचसीत प्रोटॉन थेट सोडता येत नाहीत. ते आधी एकापाठोपाठ चार लहान यंत्रांतून वेग घेत येतात, आणि या साखळीतली काही यंत्रं एलएचसीपेक्षा कितीतरी म्हातारी आहेत. प्रोटॉन सिंक्रोट्रॉन तर १९५९ पासून चालू आहे!

साखळीची पहिली कडी होती १९७८ चं लिनॅक-२. एलएचसीतला प्रत्येक प्रोटॉन तिथूनच निघायचा. वय झाल्यावर त्याच्या निर्वात टाक्यांना गळती लागू लागली. ते कायमचं बसलं असतं, तर पुढची सगळी यंत्रं धडधाकट असूनही प्रोटॉनविना ठप्प झाली असती.

मग तेच दुरुस्त का नाही केलं? कारण अडचण फक्त वयाची नव्हती. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, आणि ऊर्जा कमी असताना हे जास्त त्रासदायक ठरतं. लिनॅक-२ मधून ते ५० एमईव्ही ऊर्जेने बाहेर पडायचे. तेवढ्यावर पुढच्या बूस्टर यंत्रात दाट झोत तयार करणं अवघड होतं. नवं लिनॅक-४ ही ऊर्जा १६० एमईव्हीवर नेतं.

खरी गंमत पुढेच आहे. लिनॅक-४ प्रोटॉन पाठवतच नाही! ते पाठवतं हायड्रोजनचे ऋणभारित आयन, म्हणजे एक प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन. बूस्टरमध्ये शिरताना वाटेत कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा लागतो. त्यातून जाताना इलेक्ट्रॉन निघून जातात, उरतो प्रोटॉन. त्यामुळे आधीच फिरत असलेल्या प्रोटॉनांच्याच जागेत नवे भरता येतात. जुन्या पद्धतीत शेजारची मोकळी जागा शोधावी लागायची, आणि त्यात बरेच प्रोटॉन वाया जायचे.

लिनॅक-४ चं उद्घाटन मे २०१७ मध्ये झालं, पण चालू साखळी मध्येच तोडता येत नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये लिनॅक-२ बंद झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये लिनॅक-४ चा झोत बूस्टरमध्ये पोहोचला. दरम्यान बूस्टरचीही डागडुजी झाली. तो आता प्रोटॉनना १.४ ऐवजी २ जीईव्हीपर्यंत नेतो.

आणि हे जास्त ऊर्जेचे प्रोटॉन पुढे घेतं कोण? तेच १९५९ चं प्रोटॉन सिंक्रोट्रॉन.