फळ्यामागचे डबे

आपल्या करकंबजवळच्या पंढरीत हरिजनांना विठोबाचे दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मोठ्यांच्या या सोवळ्याचा काच पोरवयात कसा बसतो, ते पाहू.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी भीमराव आंबेडकरांना फळ्यापाशी बोलावले, तोच मुलांनी धावत जाऊन फळ्यामागचे आपले डबे हलवले. अन्न बाटेल, ही श्रद्धा! पोरे दुष्ट होती असे आम्हांस वाटत नाही. धर्म पाळतो आहोत अशीच त्यांची समजूत. मग लाज कशाची वाटणार?

हा पोरखेळ नव्हे. गिरणीत धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्यांना विणकाम खाते बंद असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आमच्या कामगार पुढाऱ्यांच्या मागण्यांत तो आधी नव्हताच.