शत्रू पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकेत क्लिंगॉन ही परग्रहावरची जमात पहिल्यांदा दिसली ती मार्च 1967 मध्ये. एका शांतताप्रिय ग्रहाचा ताबा घ्यायला कोर नावाचा क्लिंगॉन सेनापती फौजफाटा घेऊन उतरतो. काळपट रंगवलेला चेहरा, खाली वळलेल्या मिशा, दाट भुवया. एवढ्यावर त्याचं परग्रहवासी असणं भागवलं होतं, कारण मालिकेचं बजेट बेताचं होतं. जॉन कॉलिकोस या नटाने कोर मोठ्या झोकात रंगवला, पण तो एका भागापुरता दुष्ट होता. त्याला गाव नव्हतं, घराणं नव्हतं, आणि ते असावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पुढच्या तीस वर्षांत याच जमातीला व्याकरणासकट भाषा मिळाली, न्यायसभा मिळाली, घराण्यांची भांडणं मिळाली. काळ पुढारला, लेखक उदार झाले, असं त्याचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. मला कारण जास्त व्यवहारी वाटतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत शत्रू परत आला की त्याच्याकडून नवी गोष्ट काढावी लागते, आणि ती काढायची तर त्याच्या घरात शिरण्यावाचून गत्यंतर नसतं.

चित्रपटातला खलनायक दोन तासांत मरतो, त्यामुळे त्याची विचारपूस करायची वेळच येत नाही. मालिकेचं तसं नाही. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांतली कारस्थानी जाऊसुद्धा दोन-तीन वर्षं टिकली की तिला एक दुःखी बालपण बहाल होतं. क्लिंगॉनांच्या बाबतीत हे वळण आलं 1987 मध्ये. ‘स्टार ट्रेक’ची दुसरी मालिका सुरू होत होती आणि मूळ निर्माते जीन रॉडनबेरी यांना जुने परग्रहवासी पुन्हा आणायचे नव्हते. तरीही ऐनवेळी वॉर्फ नावाचा एक क्लिंगॉन अधिकारी पात्रांच्या यादीत घातला गेला. मायकेल डॉर्न यांचा हा वॉर्फ सुरुवातीला नुसता गुरगुरत उभा असे. पण अंतराळजहाजावर कायमचा राहणारा माणूस किती आठवडे गुरगुरणार? तो कुठून आला, माणसांनी त्याला का वाढवलं, त्याच्या बापाचं काय झालं, हे प्रश्न आपोआप पुढे आले.

या प्रश्नांचं पीक 1990 मधल्या एका भागात हाती आलं. वॉर्फच्या मृत बापावर देशद्रोहाचा आळ येतो आणि तो खोडून काढायला वॉर्फ क्लिंगॉनांच्या राजधानीत, उच्च न्यायसभेपुढे उभा राहतो. तपासात कळतं की खरा गद्दार एका बलाढ्य घराण्याचा पूर्वज होता, आणि सभेतल्या वरिष्ठांना ते ठाऊकही आहे. सत्य उघड केलं तर साम्राज्यात यादवी माजेल, म्हणून वॉर्फ न केलेल्या पापाचा कलंक स्वतःवर घेतो. सभासद एकेक करून हातांची घडी घालतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवतात. ओळख लपवून तिथेच उभ्या असलेल्या त्याच्या सख्ख्या भावालाही पाठ फिरवावी लागते. या प्रसंगात एकही लढाई नाही. क्लिंगॉनांचं सगळं जग इथे त्यांच्याच मापाने तोललं जातं आणि अप्रामाणिक ठरतं. परक्यांनी त्यांना दुष्ट म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त बोचतं.

यावर पहिला आक्षेप राजकारणाचा येतो. क्लिंगॉन म्हणजे सोव्हिएत रशिया, शीतयुद्ध निवळलं तसे तेही निवळले, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. डिसेंबर 1991 मध्ये आलेल्या चित्रपटात क्लिंगॉनांचा एक चंद्र स्फोटात उद्ध्वस्त होतो आणि साम्राज्याला तहाची बोलणी करावी लागतात; चेर्नोबिलची सावली तिथे उघड दिसते, आणि सोव्हिएत संघ त्याच महिन्यात विसर्जित झाला. पण तारखा नीट लावून पाहिल्या तर वॉर्फ बर्लिनची भिंत पडण्याच्या दोन वर्षं आधीच जहाजावर हजर होता. राजकारणाने तयार पात्रांना कथानकं पुरवली. शिवाय बर्लिनचं कोडं सुटलं तरी क्लिंगॉनांच्या गोष्टी संपल्या नाहीत, उलट वाढतच गेल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ओळख झाली की भीती जाते. त्यासाठी ‘स्टार ट्रेक’मधल्याच बोर्गचं उदाहरण देतात. 1989 मध्ये आलेले हे अर्धयंत्र प्राणी पोटात गोळा आणणारे होते. कुणाशी वाटाघाट नाही, राग नाही, समोरच्याला आपल्यात सामावून घेणं एवढंच काम. 1992 मध्ये त्यांच्यातला एक तरुण वेगळा पडून माणसांशी बोलू लागला, 1996 च्या चित्रपटात त्यांना राणी मिळाली आणि दरारा ओसरला. माझ्या मते दोष त्या तरुणाचा नाही, तो भाग तर उत्तमच आहे. पुढे माणसांचं एकटंदुकटं जहाज त्यांच्या तावडीतून वारंवार सहीसलामत सुटू लागलं, तिथे बोर्गची पत गेली. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतल्या डॅलेकांची गोष्ट याला जोडून पाहावी. 1963 पासून हे धातूच्या कवचातले प्राणी बाकी सगळ्यांना संपवण्याचा एकच ध्यास घेऊन फिरतात. 2005 च्या एका भागात लेखकाने एकाच डॅलेकला साखळदंडात बांधलं. एका मुलीच्या स्पर्शातून त्याच्यात तिच्या जनुकांचा अंश उतरतो, त्याला भावना जाणवू लागतात, आणि त्या सहन न होऊन तो स्वतःला नष्ट करतो. डॅलेक त्या भागात जितका समजतो तितकाच भीतिदायकही राहतो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. क्लिंगॉनांची 1967 मधली ती रंगभूषा मंगोल आक्रमकांची आठवण यावी अशी होती. म्हणजे परग्रहाच्या नावाखाली आशियाई परक्याचीच भीती विकली गेली. पुढे सामुराई आणि व्हायकिंग यांच्या कल्पनांवरून क्लिंगॉनांना मानमरातबाची संहिता दिली गेली. एक साचा गेला आणि दुसरा आला, असं कुणी म्हटलं तर ते पूर्ण चूक नाही. अख्खी जमात योद्ध्यांचीच कशी, भाकरी कोण भाजतं, शाळेत कोण शिकवतं? पण मालिका लांबत गेल्याने हा प्रश्नही तिच्यातच विचारला गेला. 2003 च्या एका भागात पृथ्वीच्या कप्तानावर क्लिंगॉन न्यायालयात खटला चालतो. त्याचा म्हातारा क्लिंगॉन वकील सांगतो की आपले वडील शिक्षक होते, आई जीवशास्त्रज्ञ. शस्त्र हीच प्रतिष्ठा असं लोक मानू लागले आणि न्यायालयाची रया गेली. त्याआधी 1998 मध्ये तोच कोर, तोच नट कॉलिकोस, अखेरचा परतला. आता तो थकलेला, विसराळू म्हातारा. भर लढाईत तो जुन्या काळात हरवतो आणि भलत्याच शत्रूशी लढू लागतो. त्याने कधीकाळी एका तरुणाचा सैन्यप्रवेश हलक्या कुळापायी नाकारलेला असतो, आणि तो तरुण आता सेनापती आहे. कुळाची घमेंड, वार्धक्य, जुना अपमान: 1967 च्या त्या खलनायकाच्या वाट्याला यातलं काहीही नव्हतं.

एकदा दिलेलं घर काढून घेता येत नाही, हे पुढे सिद्ध झालं. 2017 मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत क्लिंगॉनांना पुन्हा अनोळखी करण्याचा घाट घातला गेला. डोक्यावर केस नाहीत, चेहरे वेगळेच, आणि लांबलचक क्लिंगॉन संवाद तळाशी इंग्रजी ओळींसह. बऱ्याच जुन्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. दुसऱ्या पर्वात त्यांचे केस परत आले आणि युद्धकाळात ते भादरले होते असा खुलासाही जोडला गेला.