पायी चालणाऱ्याचा रस्ता कुणी गिळला?

मुंबईत रस्त्याचा विषय निघाला की तो मोटारीपासून सुरू होतो आणि मोटारीपाशीच संपतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. त्याच्यावर पायी जायला बंदी आहे. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्ग सुरू झाला, त्यावरही हजारो कोटी खर्च झाले. आमचा माणूस मात्र दादर, कुर्ला, घाटकोपरला लोकलमधून उतरतो आणि कामाच्या ठिकाणापर्यंत चालत जातो. त्याच्यासाठी किती कोटी?

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातात मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सुमारे ९० माणसे केवळ चालत होती म्हणून मेली. अहवालात मृताची जात लिहिलेली नसते. पण भल्या पहाटे हातात झाडू घेऊन भरधाव गाड्यांच्या बाजूला कोण उभे असते, बसचे भाडे वाचवण्यासाठी दोन-दोन किलोमीटर चालत घरकामाला कोण जाते, नाक्यावर कामाची वाट पाहत कोण थांबते, हे आम्हाला अहवालाने सांगावे लागत नाही.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये नोंदवले आहे. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे त्यांच्यासोबत चालत चवदार तळ्यावर गेली. सार्वजनिक जागेवर पाय ठेवण्याचा हक्क आमच्या पूर्वजांनी असा चालूनच मिळवला. आजचा मोटारवाला जात विचारून हॉर्न वाजवत नाही, हे मान्य. आज कुठे बंदीची पाटीही नाही. पण आधी मोटारीला जागा द्यायची आणि उरेल त्याला फुटपाथ म्हणायचे, या धोरणाने काम तेच होते.

इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो, फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात काय असते? विजेची पेटी, जाहिरातीचा खांब, उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर चढवलेल्या मोटारसायकली. उंची इतकी की म्हातारी बाई हात टेकल्याशिवाय चढू शकत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाची तर गोष्टच सोडा. सिग्नलचा हिशेब त्याहून वाईट. ३० मीटर रुंद रस्ता धडधाकट माणसाला ओलांडायला २५ सेकंद लागतात, हळू चालणाऱ्या वृद्धाला ३७-३८. तेवढा वेळ हिरवा दिवा किती चौकांत मिळतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

यावर राज्यकर्त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पादचाऱ्यालाच वर उचलणे. २००८ पासून एमएमआरडीएने शहरभर स्कायवॉक उभारले. खाली मोटारींना रस्ता मोकळा आणि वर जिना चढून धापा टाकणारा कष्टकरी. वांद्रे पूर्वेचा स्कायवॉक तर काही वर्षांतच धोकादायक ठरून बंद करावा लागला. जिथे पूल खरोखर हवा होता तिथे तो अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पादचाऱ्याचा फुटपाथवरील हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. या आदेशाचे आम्ही स्वागत करतो. पण त्यात अतिक्रमणे हटवण्याचीही गोष्ट आहे आणि इथे सावध राहिले पाहिजे. महापालिकेला अतिक्रमण म्हटले की भाजीवालीची टोपली दिसते, शोरूमसमोर फुटपाथवर चढवलेली मोटार दिसत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात याच न्यायालयाने उपजीविकेचा हक्कही याच कलम २१ मध्ये आहे असे म्हटले होते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तर सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत फेरीवाल्यांना हटवण्यास मनाई केली आहे. चालणारा आणि विकणारा हे बहुधा एकाच वस्तीतले असतात. संध्याकाळी कामावरून परतणारी बाई त्याच टोपलीतून दहा रुपयांची मेथी घेते. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे. दोघांना पुरेल इतकी जागा रस्त्यावर आहे. ती रस्त्याच्या कडेने दिवसभर उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारींखाली आहे. ती काढून घ्या, फुटपाथ रुंद करा, फेरीवाल्यांना आखून जागा द्या.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. दरवर्षी ६ डिसेंबरला दादर स्टेशनपासून चैत्यभूमीपर्यंत लाखो माणसे चालतात. आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात. पिण्याचे पाणी येते, फिरती शौचालये येतात, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा सांभाळतात. काही वृत्तपत्रांना त्या दिवशी फक्त गर्दी दिसते. आम्हाला दिसते ते असे की, ठरवले तर याच महापालिकेला आणि याच वाहतूक पोलिसांना चालणाऱ्या माणसाची सोय करता येते. मग ती सोय ७ डिसेंबरला कुठे जाते?

वस्त्यांतील मंडळांनी आणि विहारांतील तरुणांनी एक काम करावे. वस्तीपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा टेप घेऊन मोजावा. फुटपाथची रुंदी किती, उंची किती, मध्ये खांब किती, सिग्नल किती सेकंदांचा, अपघात नेमके कुठे होतात, हे कागदावर लिहून विभाग कार्यालयात अर्ज द्यावा. त्या रस्त्यावर फुटपाथसाठी गेल्या वर्षी किती खर्च दाखवला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी.