टोर्नेडो किती जोरदार होता, हे ठरवतं कोण?

आज टोर्नेडो. चक्रीवादळ नाही हां, ते शेकडो किलोमीटर पसरतं आणि काही दिवस चालतं. टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत आलेला गरगरणाऱ्या हवेचा खांब, बहुतेकदा काही मिनिटांचाच.

अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० टोर्नेडो होतात. त्यांना ईएफ० ते ईएफ५ असे दर्जे देतात. ईएफ० ताशी १०५ किलोमीटरपासून सुरू होतो, ईएफ५ म्हणजे ३२२ च्या वर. आलेख काढला की डावीकडे डोंगर दिसतो, उजवीकडे बारीक शेपूट. बहुसंख्य टोर्नेडो ईएफ० आणि ईएफ१ मध्येच संपतात. ईएफ४ आणि ईएफ५ मिळून शंभरात जेमतेम एखादा. पण टोर्नेडोने झालेले मृत्यू मोजा, तर निम्म्याहून जास्त या शेपटीतले. म्हणजे इथे 'सरासरी टोर्नेडो' काढून काही उपयोग नाही.

आता खरी गोम. हा वारा कोणी मोजलेलाच नसतो! टोर्नेडो गेल्यावर टीम येते, घरांची आणि झाडांची मोडतोड बघते आणि त्यावरून वेग ठरवते. मला हे ऐकून आमचे बग रिपोर्ट आठवले. जी स्क्रीन कोणी उघडतच नाही, तिथले बग आमच्या यादीत कधी येतात का? तसंच मोकळ्या शेतातल्या टोर्नेडोचं होतं.

३१ मे २०१३, ओक्लाहोमातलं एल रेनो. रुंदी तब्बल ४.२ किलोमीटर. ट्रकवरच्या रडारने ताशी ४७० किलोमीटरच्या आसपास वारा पकडला. दर्जा मिळाला ईएफ३, कारण वाटेत मोडण्यासारखं फारसं नव्हतं. त्यात तीन अनुभवी टोर्नेडो-अभ्यासकांसह आठ जण गेले. २०२१ मध्ये अशा फिरत्या रडारांच्या नोंदींचा अभ्यास आला: खरी ताकद मोडतोडीवरच्या दर्जापेक्षा सरासरी एक पायरीहून जास्त निघाली. म्हणजे तो डावीकडचा डोंगर थोडा खोटाच.

घरांचंही तेच. साधं, नीट बांधलेलं घर पायापासून साफ उडालं, तरी अपेक्षित अंदाज ईएफ४ च्या टोकापर्यंतच पोचतो. ईएफ५ साठी त्याहून पक्कं बांधकाम उडावं लागतं. मे २०१३ नंतर बारा वर्षं अमेरिकेत एकही ईएफ५ नोंदला गेला नाही, त्यामागे हेही एक कारण मानतात.

मग २० जून २०२५ ला नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळच्या टोर्नेडोने मालगाडीचे डबे उडवले. कोणत्या वाऱ्याने टँकर असा फेकला जाईल, याचं गणित मांडून ऑक्टोबरमध्ये त्याला ईएफ५ दिलं. आधी तो ईएफ३ च होता.